जुळणं आणि जुळवून घेणं

आज आम्ही तुमच्याशी कॉलेजात आणि विद्यापीठात शिकवणाऱ्यांच्या नोकरीबद्दल बोलणार आहोत. 'याच्याशी आमचा काय संबंध?' असं काही जणींच्या मनात येईल. संबंध आहे. आपल्या गटांमधून शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी जशी कर्जं गेली, तशीच ती लेकीच्या एम.ए.साठी, सेटच्या क्लाससाठी, सुनेच्या पीएच.डी.साठीही गेली. त्यातल्या काही लेकीसुना आज तालुक्याच्या कॉलेजात शिकवतात. आणि बैठकीत हप्त्यांची वही उघडली की कुजबुज सुरू होते, 'पोरगी प्राध्यापक आहे म्हणतात, मग हप्ता का थकतो?' दुसरीकडे, ज्यांच्या मुली त्याच कॉलेजात शिकायला जातात त्या सांगतात, 'वर्ष संपायच्या आत मराठीला तिसऱ्या मॅडम आल्या. पोरींनी वही दाखवायची तरी कुणाला?'

हे दोन्ही प्रश्न एकाच गाठीचे आहेत, म्हणून आज ती गाठ जरा सोडवून बघू.

आधी कामाचं बोलू. कॉलेजच्या शिक्षकाचं काम बाहेरून फार हलकं दिसतं. दिवसाला दोन-तीन तास शिकवायचं आणि घरी जायचं, असं आपल्याला वाटतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ सालचा नियम मात्र वेगळं सांगतो. पूर्ण वेळच्या शिक्षकाला आठवड्याला ४० तासांचं काम धरलेलं आहे. त्यात सहायक प्राध्यापकानं प्रत्यक्ष वर्गात १६ तास शिकवायचं. बाकीच्या वेळात तासाची तयारी, पेपर तपासणं, मुलांच्या अडचणी सोडवणं, परीक्षेचं काम, स्वतःचा अभ्यास आणि संशोधन. वर्गातला एक तास चांगला व्हायचा असेल तर त्यामागे दोन-तीन तास वाचावं लागतं, हे शिकवणारी कुणीही सांगेल. आपल्याला हे कळायला जड नाही. पंगतीत वाढलेली भाकरी दिसते. जात्यावरचं, चुलीपुढचं काम कुणाला दिसत नाही.

या नोकरीत शिरायला एम.ए., एम.एस्सी. असं मोठं शिक्षण लागतं, आणि वर नेट किंवा सेट नावाची परीक्षा. सेट ही परीक्षा महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. ती पास व्हायला कित्येक मुलींची दोन-तीन वर्षं जातात. लग्नाच्या वयाचा धाक, गावातल्यांचे टोमणे, लायब्ररीला जायला-यायला एसटी, हे सगळं झेलून मुलगी पास होते. मग नोकरी लागते, पेढे वाटले जातात, आणि वर्षभरात तीच मुलगी घरी येऊन म्हणते, 'आई, मला तिथे जमत नाही.'

इथे आई काय म्हणते? तुम्ही सगळ्या एका सुरात सांगाल. 'जुळवून घे.'

आपल्या आयांनी आपल्याला हेच सांगितलं, आपणही सांगत आलो. सासरी जुळवून घे, नणंदेशी जुळवून घे, साहेबांशी जुळवून घे. पण कामाच्या जागेचा अभ्यास करणारी माणसं जगभर गेली कित्येक वर्षं एक वेगळा शब्द वापरतात. त्याला आपण मराठीत नुसतं 'जुळणं' म्हणू. जुळवून घेणं एकाच बाजूनं असतं, जुळणं दोन्ही बाजूंनी. काम मागतं ते माणसाला येतं का, हा एक भाग. माणसाला हवं ते त्या जागेकडून मिळतं का, हा दुसरा. आणि त्या जागेला जे महत्त्वाचं वाटतं तेच या माणसालाही वाटतं का, हा तिसरा. पहिल्या भागाची परीक्षा होते, मुलाखत होते. बाकीच्या दोन भागांविषयी आपल्याकडे कुणी विचारतच नाही.

एक जुनी हकिकत सांगतो. पुण्यात १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, आणि तिनं १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू केलं. संस्थेचे जे आजीव सभासद होते त्यांनी थोडक्या पगारावर आपली उमेदीची वर्षं संस्थेला द्यायची, अशी कल्पना. त्यात लोकमान्य टिळक होते, आगरकर होते, गोखले होते. टिळक गणित शिकवायचे, आणि त्यांना गणित येत नव्हतं असं त्यांचा शत्रूही म्हणाला नसता. तरी १८९० साली ते राजीनामा देऊन बाहेर पडले. आजीव सभासदांनी बाहेरची दुसरी कामं करून पैसे मिळवावेत का, संस्थेसाठी किती आणि कसा त्याग करायचा, यावरून त्यांचं बाकीच्यांशी पटेना. समाजसुधारणेवरून आगरकरांशी वाद होताच.

त्या रिकाम्या जागेवर, त्याच गणिताला, १८९१ साली गोखल्यांनी धोंडो केशव कर्वे यांना बोलावलं. कर्वे तेव्हा मुंबईत शिकवत होते. ते आले आणि १९१४ पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षं, तिथेच शिकवत राहिले. कॉलेज तेच आणि विषयही तोच, तरी एकाला ते सोडवंसं वाटलं आणि दुसरा तिथे रुजला. यात टिळक कमी आणि कर्वे जास्त, असं म्हणायची आपली छाती नाही, आणि ते खरंही नाही. टिळकांचं पुढे काय झालं ते सगळ्या देशानं पाहिलं. त्यांची आणि त्या जागेची मोट बांधली जात नव्हती, एवढंच. आमच्या मते ही गोष्ट प्रत्येक आईनं मुलीला सांगावी. 'जमत नाही' म्हणजे 'येत नाही' असा अर्थ होत नाही.

कर्व्यांची गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग आपल्या विषयाला जास्त लागू आहे. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवा बाईंशी लग्न केलं. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. दापोलीजवळच्या मुरूड या त्यांच्या गावानं त्यांना वाळीत टाकलं. सख्ख्या माणसांकडे जायची चोरी झाली. पण कॉलेजातली जागा शाबूत राहिली. महिन्याचा पगार सुरू राहिला, वर्ग सुरू राहिला. त्या टेकूवर उभं राहून त्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला नेला. कॉलेज सुटलं की हिंगण्याची वाट पायी चालत जायचे. आणि निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी, १९१६ साली, त्यांनी बायकांसाठी विद्यापीठ सुरू केलं. तेच आजचं एस.एन.डी.टी. विद्यापीठ.

गाव पाठीमागे नसताना कामाची जागा पाठीमागे राहिली, तर माणूस किती दूर जातो ते यावरून बघा. याला अभ्यासकांचा शब्द आहे संस्थेचा आधार.

या आधाराविषयी अमेरिकेतले मानसशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली एक विचार मांडला. तो अगदी आपल्या ओळखीचा वाटेल. ते म्हणाले, काम करणारी प्रत्येक व्यक्ती मनातल्या मनात एक हिशेब ठेवत असते. या जागेला माझ्या कष्टाची किंमत आहे का? माझं बरंवाईट इथे कुणाला पडलंय का? या हिशेबाचं उत्तर 'हो' असेल तर माणूस सांगितल्यापेक्षा जास्त करतो, आणि ते त्याला ओझं वाटत नाही. उत्तर 'नाही' असेल तर तो मोजून काम करायला लागतो. पुढे २००२ साली सत्तरहून जास्त अभ्यास एकत्र मांडून पाहिले गेले. हा आधार मनात कशानं तयार होतो, तर तीन गोष्टी पुढे आल्या: कारभारातला न्याय, थेट वरच्या माणसाची वागणूक, आणि मोबदला व कामाची परिस्थिती.

त्यातला न्यायाचा भाग आम्हाला फार पटला. बायका थोड्या पैशावर काम करतात, कष्टाला डरत नाहीत. पण वेळापत्रकात सकाळी पहिला आणि संध्याकाळी शेवटचा तास दर वेळी एकीलाच, आणि मधले सोयीचे तास मर्जीतल्यांना, हे त्यांना सहन होत नाही. आधाराची आणखी एक खुबी आहे. जे नियमानं द्यावंच लागतं ते मिळालं की माणूस 'बरं' म्हणतो. जे देणं सक्तीचं नव्हतं आणि तरी दिलं, ते आयुष्यभर लक्षात राहतं. आमच्या ओळखीच्या एका मॅडमचं बाळ सहा महिन्यांचं होतं. प्राचार्यांनी न मागता त्यांचे सगळे तास दुपारी एकच्या आत बसवून दिले. एक पैसा खर्च झाला नाही. आज त्या मॅडम सुट्टीतही मुलींचा स्पर्धा परीक्षेचा वर्ग फुकट घेतात. दुसऱ्या एका कॉलेजात, नाव घेत नाही, बाहेरगावहून येणाऱ्या मॅडमना स्टाफरूममध्ये बसायला खुर्ची नव्हती आणि बायकांच्या स्वच्छतागृहाची चावी शिपायाकडे मागावी लागायची. त्या बिचाऱ्या दिवसभर पाणी पीत नसत. तुम्हीच सांगा, अशा बाईनं वर्गात काय उत्साहानं शिकवायचं?

आता गाठीतला सगळ्यात घट्ट पीळ. ज्या लेकींना आपण प्राध्यापक म्हणतो, त्यातल्या कितीतरी जणी तासिका तत्त्वावर असतात, त्यालाच सीएचबी म्हणतात. म्हणजे घेतलेल्या तासाचेच पैसे. दिवाळीची सुट्टी, परीक्षेचे दिवस, उन्हाळा, या दिवसांत तास नाही, म्हणून पैसेही नाहीत. तयारीचा वेळ धरत नाहीत. भाकरी थापल्याची मजुरी द्यायची आणि पीठ दळल्याची, चूल पेटवल्याची नाही, असा हा व्यवहार आहे.

आकडे बघा. कायम सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतन महिन्याला ५७,७०० रुपये, भत्ते वेगळे. अनुदान आयोगानं २०१९ साली पाहुण्या शिक्षकांसाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असा दर सुचवला. आपल्या राज्यात तासिका तत्त्वावरच्यांना मिळणारा दर यापेक्षा कमीच राहिला आहे, आणि आठवड्याला किती तास द्यायचे यालाही मर्यादा आहे. आमच्या ओळखीच्या बहुतेक जणींचं बिल दर महिन्याला निघत नाही. चार-पाच महिन्यांचं एकदम निघतं. काही जणी दोन-दोन कॉलेजं करतात. सकाळी एका तालुक्यात, दुपारी दुसऱ्या. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेवढाच दिलासा. तर बैठकीतल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. पोरगी प्राध्यापक आहे, शिकवतेही मनापासून, पण तिच्या पैशाला महिना नाही.

आणि बाळंतपण? अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत शिक्षिकेला भरपगारी १८० दिवसांची बाळंतपणाची रजा आहे, नोकरीत दोनदा. तासिका तत्त्वावरच्या मुलीची गोष्ट प्रत्यक्षात अशी होते की तास घेतला नाही तर बिल नाही, आणि सहा महिन्यांनी परत आलं तर जागेवर दुसरी कुणीतरी बसलेली. शिकलेल्या मुली पहिल्या बाळानंतर घरी का बसल्या, याची कारणं आपण सासू-नवऱ्यात शोधतो. तिथे असतातच. पण कधी कधी ती कॉलेजच्या वेळापत्रकातही असतात.

आता थोडं अवघड बोलायचं आहे, लक्ष देऊन ऐका. जुळणं आणि काम चांगलं होणं, यांचा संबंध आपल्याला वाटतो तितका सरळ नाही. २००५ साली एमी क्रिस्टॉफ-ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले. जागेशी माणूस जुळला की समाधान वाढतं, जागेविषयी आपलेपणा वाढतो, सोडून जायचा विचार कमी होतो, हे ठळक दिसलं. पण कामगिरीशी संबंध मात्र बराच कमी दिसला. म्हणजे न जुळलेला माणूसही काम बऱ्यापैकी करत राहतो!

आम्ही यावर आपापसांत पुष्कळ बोललो. आम्हाला त्याचा अर्थ असा लागला. संसार मनाविरुद्ध करणाऱ्या बायकांच्या घरी स्वयंपाक वेळेवर होत नाही का? होतो. भांडी लखलखीत असतात. बाहेरच्याला काहीच कळत नाही. तसंच न जुळलेल्या जागी शिक्षिका तास चुकवत नाही, पेपर वेळेत तपासते, निकाल लागतो. संस्थेला वाटतं, सगळं छान चाललंय. आणि एक दिवस ती निघून जाते, किंवा राहते पण आतून विझलेली असते. निकालाचा टक्का बघून हे कळायचं नाही. शिक्षिका कशी काम करते हे फक्त टक्क्यांवर मोजणाऱ्या माणसाला हे नुकसान दिसतच नाही.

ते दिसतं आपल्या मुलींना. गावातून कॉलेजात गेलेल्या मुलीच्या घरी पुस्तकं नसतात, इंग्रजी कच्चं असतं, वर्गात हात वर करायची भीती असते. तिला पहिली सहामाही तर मॅडमच्या जवळ जायचा धीर करण्यातच जाते. ओळख होते, मॅडमना कळतं की ही अमक्या गावची, हिला कविता आवडते, हिच्या घरी लग्नाची घाई चाललीये. आणि तेवढ्यात मॅडम बदलतात. शहरातल्या मुलीला खासगी क्लास असतो, शिकलेला बाप असतो. आपल्या मुलीला तेवढ्या एक मॅडम असतात. त्या मॅडमनी चार वेळा घरी फोन केला म्हणून शिक्षण तुटता तुटता राहिलं, अशा मुली आपल्या प्रत्येक गटात निघतील. हा फोन कुठल्याही नियमात नाही, त्याचं बिलही निघत नाही. जिला स्वतःला आधार आहे तीच असा फोन करू शकते. बैठकीतल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे.

एक सावधगिरी सांगायला हवी. 'जुळणं' या शब्दाचा गैरवापरही होतो. 'आमच्या वातावरणात बसणारी पाहिजे' असं काही ठिकाणी मुलाखतीत म्हणतात. त्याचा खरा अर्थ असतो आमच्या नात्यातली, आमच्या जातीची, आमच्यासारखं बोलणारी. गावाकडची बोली बोलणारी मुलगी तिथे 'बसत नाही'. लग्न झालंय का, मूल कधी, असंही विचारतात. हे जुळणं नव्हे, ही निवड आपल्याच माणसांची. कामाशी जुळतं का ते बघावं. सारखेपणा मोजू नये. उलट, आपल्या मुलींना आपल्यासारख्याच घरातून आलेली, आपली बोली समजणारी मॅडम मिळाली तर त्या किती लवकर मोकळ्या होतात, हे आम्ही पाहिलं आहे.

आमच्या सीआरपी तायांना आणि अंगणवाडीच्या तायांना हे ऐकताना स्वतःचं आठवत असेल. मानधन, उशिरा येणारं बिल, 'तुम्ही तर सेवा करता' हे वाक्य. त्यावर एक वेगळा कार्यक्रम करायला हवा, आज तिकडे वळत नाही.

मग गावातल्या बायकांनी यात करायचं काय? पगार आपण देत नाही, पदं आपण भरत नाही. तरी काही दारं उघडी आहेत, आणि ती आपल्याला माहीत नसतात.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यात पूर्ण वेळच्या शिक्षकांनी निवडून दिलेले तीन शिक्षक असतात, त्यात किमान एक महिला. शिवाय शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक सदस्य असतात, त्यात किमान एक माजी विद्यार्थी. या समितीची वर्षातून किमान चार वेळा बैठक व्हायला हवी. समाजसेवा म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर पुढारी येतो. महासंघाची अध्यक्ष बाई का येऊ नये? तुमच्या तालुक्याच्या कॉलेजात त्या चार जागांवर कोण आहे, एवढं विचारलं तरी सुरुवात झाली. आत गेलेल्या बाईनं स्वच्छतागृहाच्या चावीपासून सुरुवात करावी, मोठ्या भाषणापासून नव्हे, असं आम्हाला वाटतं.

दुसरं दार अंतर्गत समितीचं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली आला. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे ही समिती हवीच. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला असते, निम्म्या तरी सदस्य महिला असतात, आणि एक सदस्य बाहेरची, महिलांसाठी काम करणाऱ्या संस्था-संघटनेतली. या कायद्यात तात्पुरत्या, रोजंदारीवरच्या बाईलाही कामगार धरलं आहे. त्यामुळे 'तू तर तासावर आहेस, तुझी तक्रार कशी घेणार?' असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. बाहेरची सदस्य म्हणून आपल्यातली जाणकार ताई तिथे बसू शकते. ती नुसती सहीपुरती नसेल तर कॉलेजच्या हवेत फरक पडतो.

तिसरं आपल्या मुलींच्या हातात आहे. कॉलेजची तपासणी करून दर्जा देणारी नॅक नावाची संस्था १९९४ पासून बंगळूरुमध्ये आहे. तिच्या तपासणीत विद्यार्थ्यांना शिकवण्याविषयी प्रश्न विचारतात. ईमेल येतो, मुली तो उघडत नाहीत, किंवा कुणीतरी सांगतं तसं भरतात. मुलीला सांगा, स्वतःच्या मनानं भर. शिक्षक बदलत राहतात, विषयाला दोन महिने कुणीच नव्हतं, हे खरं असेल तर लिही. आणि मॅडम चांगल्या असतील तर तेही लिही. चांगल्याचं कुणी लिहीत नाही, ही आपली जुनी खोड.

आणि घरचं. संस्थेला बोल लावताना आपल्या उंबऱ्याच्या आत बघायला हवं. सून दोन कॉलेजं करून सात वाजता येते, तेव्हा तिच्या हातात चहा पडतो की भाजीची पाटी? पेपर तपासायला बसली तर 'घरीसुद्धा कॉलेजच का?' असं आपण म्हणतो का? येणारा-जाणारा पाहुणा विचारतो, 'कायम झाली का?' आणि आपण तिच्यासमोर मान खाली घालतो. तिला दोन खोल्यांच्या घरात पुस्तकांचा एक कप्पा आणि रात्रीचा एक तास मिळाला, तर तो आधारच आहे. फक्त कॉलेजचा जो वाटा आहे तो घरानं भरून काढायचा, असं मात्र होऊ देऊ नका. मुलगी 'जमत नाही' म्हणाली तर आधी विचारा, काय जमत नाही? शिकवणं की ती जागा? शिकवणं आवडत नसेल तर ती गोष्ट वेगळी. जागा त्रास देत असेल तर काय मागायचं, कुणाकडे मागायचं, किती दिवस थांबायचं आणि कधी सोडायचं, हे तिच्यासोबत बसून ठरवा.

शेवटी हप्त्यांचं. आमच्या भागातल्या काही गटांनी ठराव करून अशा कर्जांचा हप्ता बदलला आहे. आठवड्याची बचत सगळ्यांसारखी चालू, व्याज दर महिन्याला, आणि मुद्दल वर्षातून दोनदा, बिल निघाल्यावर. शेतीच्या कर्जाला आपण सुगीची वाट बघतोच ना, तसंच हे. वही स्वच्छ राहिली आणि कुजबुज थांबली. ज्या गटांना असा ठराव करायचा असेल त्यांनी मसुदा आमच्याकडून न्यावा.

आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीला, ज्यांच्या लेकीसुना कॉलेजात शिकवतात त्यांनी नेमणुकीच्या पत्राची झेरॉक्स घेऊन यावी. पत्रच मिळालं नसेल तर तसं येऊन सांगावं. त्यात तास किती, दर किती, पैसे कधी, मुदत कुठपर्यंत, हे लिहिलंय का ते आपण एकत्र बसून वाचू. लेकीला सुट्टी असेल तर तिलाही सोबत आणा.